अडतीस कोटीवाले काका

तळवलीत खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकाने आम्हाला लग्नाचा दाखला मागितला नाही, कंपनीचं पत्र मागितलं नाही, की ‘सुकटीचा वास चालेल ना’ असंही विचारलं नाही. ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं, “तुमी कंप्युटरवाले ना? मंग सांगा, तीनशे एक्याऐंशीला तिनानं भाग जातो का?”

“जातो. एकशे सत्तावीस,” नवरा म्हणाला.

“तीन हजार आठशे सोलाला चारानं?”

“जातो.”

“अडतीस हजार एकशे पासष्टला पाचानं?”

“काका, आम्हाला खोली बघायची होती,” नवरा म्हणाला. त्याने ऑफिसातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली होती.

“खोली कुठं पलून जाते काय?” असं म्हणून काका गप्प झाले. मला मात्र चुटपुट लागली. तीन, चार, पाच झाले, मग सहाचं काय? मी विचारलं, “पुढे?”

काकांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. पुढचा अर्धा तास नवरा एकटाच वर जाऊन खोली बघून आला, नळ सोडून बघितले, बाल्कनीत उभा राहिला. बाल्कनी समोरच्या बिल्डिंगला इतकी खेटलेली होती, की तिथल्या बाईंनी त्याला खिडकीतूनच चहा विचारला. तो खाली आला तेव्हा काका मला म्हणत होते, “खोली तुला दिली, बाय. हा तुझ्यासोबत राहील.”

काकांकडे एक संख्या होती. तिचं पूर्ण रूप असं: ३८१६५४७२९. एक ते नऊ हे सगळे आकडे तिच्यात आहेत आणि प्रत्येक एकदाच. डावीकडून मोजायला लागायचं. पहिला आकडा तीन. पहिले दोन अडतीस, त्यांना दोनाने भाग जातो. पहिले तीन, तीनशे एक्याऐंशी, त्यांना तिनाने. पहिल्या चारांना चाराने, पाचांना पाचाने, असं करत शेवटी अख्ख्या संख्येला नवाने. कुठेही बाकी उरत नाही. एक ते नऊ आकडे कसेही उलटेपालटे मांडा, अशी दुसरी संख्या होत नाही. आहे ती ही एकच.

वाचून दाखवायची झाली तर ती अडतीस कोटी सोळा लाख चोपन्न हजार सातशे एकोणतीस. त्यामुळे गावात त्यांना ‘अडतीस कोटीवाले’ म्हणत. नव्या माणसाला ती त्यांची मालमत्ता वाटे. एका विमा एजंटने तर दिवाळीला त्यांना चांदीचा गणपती आणून दिला. काकांनी तो देव्हाऱ्यात ठेवला, एजंटला बसवलं आणि विचारलं, “तीनशे एक्याऐंशीला तिनानं भाग जातो का?” तो एजंट पुन्हा आमच्या गल्लीत दिसला नाही.

ही संख्या त्यांना मिळाली कुठे, हे मला आजही नक्की माहीत नाही. मला त्यांनी सांगितलं, की रोडच्या पलीकडच्या केमिकल कंपनीत ते ऑपरेटर होते, तिथल्या बंगाली केमिस्टने ती पिंपावर खडूने लिहून दाखवली. माझ्या नवऱ्याला सांगितलं, की शाळेत गणितात दोनदा नापास झाल्यावर साताऱ्याच्या मास्तरांनी बाकावर उभं केलं आणि ‘असा आकडा सापडेपर्यंत उतरायचं नाही’ म्हणाले. लग्न ठरत असताना काकींना सांगितलं होतं, की गावदेवी स्वप्नात येऊन सांगून गेली.

“देवीला काय दुसरी कामं नव्हती?” काकी म्हणायच्या.

बिल्डिंगच्या वायफायचा पासवर्ड हीच संख्या होती. पासवर्ड लिहून मिळायचा नाही. भाडेकरूने एकेक आकडा भागाकाराने काढायचा. वरच्या मजल्यावरच्या पोरांनी दोन दिवस स्वतःचा डेटा जाळला आणि तिसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाली, “ताई, सहाव्याला काय आहे तेवढं सांगा.”

काकांनी सगळ्या आकड्यांची नातीगोती लावून ठेवली होती. बाजारातून येताना एका हातात बोंबलांची पिशवी असायची आणि दुसऱ्या हाताने ते ही नाती समजावून सांगायचे. “दोन, चार, आठ हे एका घरचे. तीन, सहा, नऊ दुसऱ्या घरचे. पाच बिचारा गरीब, त्याला पाचव्या जागंवर बसवला की गप बसतो. एकाचं कोनाशी वाकडं नाय. आता राहिला सात.” इथे ते थांबायचे. “सात कोनाचा सगा नाय. सगला मांडव नीट उभा केलास तरी सात येनार नि एक बांबू ओढनार.”

माझ्या नवऱ्याच्या हे सगळं जिव्हारी लागलं होतं. खोली माझ्या नावावर मिळाली, हे तो विसरला नव्हता. एका रविवारी तो अंघोळ करून, नीट शर्ट घालून ओट्यावर गेला आणि म्हणाला, “काका, तुमच्या संख्येला भाऊ सापडला. नऊ, आठ, सात, सहा, पाच, चार, तीन, दोन, एक. सरळ उलटी गिनती.”

काकांनी डोळे मिटले. “नऊ. अठ्ठ्याण्णव, दोनानं जाते. नऊशे सत्त्याऐंशी, तिनानं जाते. चारानं जाते. पाचानं जाते.” नवऱ्याची छाती फुगत चालली. “सहानं पन जाते. बाय, नवरा हुशार हाय तुझा. आठानं पन जाते, नवानं पन जाते.”

“सातानं?” मी विचारलं.

“तेच त्याला इचार.”

नवऱ्याने मोबाइल काढला. पाच उरत होते. तो तसाच वर आला, शर्ट बदलला आणि टीव्ही लावला. नंतर कितीतरी दिवस काका त्याला जिन्यात भेटले की नुसतं विचारायचे, “पाचाचं काय केलंस?”

एवढं वेड कशाला, असं मी एकदा त्यांना विचारलं होतं. ते नेहमी उत्तरादाखल नवीन गोष्ट रचायचे, त्या दिवशी मात्र रचली नाही. म्हणाले, “आमचं शेत वाटलं, मिठागर वाटलं, बापाचं घर वाटलं. दर टायमाला कोनतरी रुसलं. हितं बघ. एक आला, दुसरा आला, नववा आला. दर टायमाला सगल्यांना सारखं, आनि खाली काय उरत नाय.” मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली असावी, कारण लगेच म्हणाले, “जा, तुझं दूध उतू गेलं.” माझं दूध फ्रिजमध्ये होतं.

आता प्रणालीची गोष्ट सांगते. प्रणाली ही काका-काकींची एकुलती एक मुलगी. बी.फार्म. झालेली, नेरूळच्या एका हॉस्पिटलात औषधांच्या विभागात कामाला. बापाचे डोळे आणि आईची जीभ. तिच्या लग्नाची घाई तिच्यापेक्षा जास्त तिच्या आत्याला होती. आत्या म्हणजे काकांची थोरली बहीण, शिरवण्याला दिलेली. ती रिक्षातून उतरली की गल्लीतली कुत्रीसुद्धा बाजूला व्हायची.

आत्याने शिरवण्याच्याच एका बिल्डरचा मुलगा आणला. पांढरी मोठी गाडी गल्लीत शिरेना, म्हणून तो नाक्यावरून चालत आला आणि घामाघूम होऊन बसला. पोहे झाले, चहा झाला. काकांनी त्याला संख्या समजावली आणि म्हणाले, “अशी दुसरी संख्या आन, मंग बोलू.”

“एक कशाला काका, दोन आणतो,” तो म्हणाला.

“कुठून?”

“ते तुम्ही माझ्यावर सोडा. उद्या माणसाबरोबर पाठवतो.”

दुसऱ्या दिवशी खरंच माणूस आला. त्याच्याकडे मिठाईचा पुडा आणि दोन मोबाइल सिमकार्डं होती, दोन्ही फॅन्सी नंबरची. काकांनी मिठाई ठेवून घेतली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी प्रणालीने घरात सांगून टाकलं, की तिला वरच्या मजल्यावरचा नितीन पसंत आहे. नितीन वाशिमचा. ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत होता आणि दोन मित्रांबरोबर आमच्या वर राहायचा. सहाव्या आकड्यासाठी माझ्याकडे आलेल्या पोरांत तोही होता. शांत मुलगा. मासे खायचा नाही, तरी गेली दोन वर्षं त्या वासात तक्रार न करता राहिला होता. याचं कारण आम्हाला आत्ता कळलं.

काकींनी हातातली पळी खाली ठेवली नाही. काकांनी नितीनला खाली बोलावलं. तो जातीवरून, गावावरून, घरदारावरून प्रश्न येतील म्हणून तयारी करून आला होता. काका म्हणाले, “अशी दुसरी संख्या आन, मंग बोलू.”

नितीनचा चेहरा उजळला. तो दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला. मी प्रणालीला गच्चीवर गाठलं. ती कपडे वाळत घालत होती.

“दुसरी नाहीच आहे ना?”

“नाही.”

“मग त्याला सांग की.”

“त्याने मला विचारलं कुठे?” ती म्हणाली आणि चादर झटकली. जरा जास्तच जोरात झटकली, एवढंच मी पाहिलं.

नितीनने त्याच संध्याकाळी प्रोग्रॅम लिहिला. एक ते नऊ आकड्यांच्या सगळ्या मांडण्या त्याने मशीनला तपासायला लावल्या. मशीनने डोळ्याचं पातं लवायच्या आत एकच उत्तर दिलं, तेही काकांचं. त्याला वाटलं, प्रोग्रॅम चुकला. पुन्हा लिहिला. पुन्हा तेच. हे त्याने नंतर मला सांगितलं. तेव्हा तो नुसता दाढी वाढवून फिरत होता. मधे एकदा खाली येऊन त्याने काकांच्या संख्येपुढे शून्य लावून दाखवलं. दहा आकडे, दहाने भाग जातो, नियम मोडत नाही.

काका म्हणाले, “उद्या माझ्याच शर्टाला खिसा लावशील नि बोलशील, नवीन शर्ट आनला.”

पुढच्या रविवारी सकाळी मी ओट्यावर काकींबरोबर कोलंबी सोलत बसले होते. काका खुर्चीत होते. प्रणाली आतल्या दाराशी उभी होती, केस विंचरायला म्हणून. नितीन लॅपटॉप घेऊन खाली आला. दाढी केलेली होती.

“काका, दुसरी नाही.”

“कोन बोलतो?”

“प्रोग्रॅमने सगळ्या मांडण्या तपासल्या. तीन लाख बासष्ट हजार आठशे ऐंशी. एकच उरते.”

“मशीन बोलली होय? माझ्या पोरीशी लगीन मशीनला करायचंय काय? तू बोल.”

काकांनी खिशातून खडू काढला. त्यांच्या खिशात नेहमी खडू असायचा. नितीनने लॅपटॉप माझ्याकडे दिला आणि तो फरशीवर मांडी घालून बसला. पाचाने भाग जायचा तर शेवटी पाच नाहीतर शून्य हवा. शून्य आपल्याकडे नाही, म्हणून पाचव्या जागी पाच. दुसरी, चौथी, सहावी, आठवी जागा सम आकड्यांची, कारण दोन, चार, सहा, आठ यांनी भाग जायचा आहे. उरलेल्या जागा विषमांच्या. तो बोलत होता आणि फरशी पांढरी होत होती. चाराचा नियम लावला, आठाचा लावला, तिनाचा लावला. लाखो मांडण्या गळत गेल्या आणि शेवटी फरशीवर दहा संख्या राहिल्या. त्यात काकांची एक होती. माझ्या नवऱ्याची उलटी गिनतीही होती.

“आता सात,” नितीन म्हणाला.

“सातच,” काका म्हणाले.

त्याने पहिली घेतली ती १४७२५८९६३. मोबाइलच्या बटणांवर बोट फिरवलं की ही येते: सरळ खाली, सरळ खाली, मग सरळ वर. पहिल्या सात आकड्यांना साताने भागायचं होतं. नितीनने फरशीवर भागाकार मांडला. काकांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि डोळे उघडून म्हणाले, “ही जाते.”

नितीनने वर पाहिलं.

“जाते ही. मी तोंडी केली. झाली तुझी दुसरी संख्या. उठ. पोरगी तुझी.”

काकींचा हात कोलंबीवर थांबला. दाराशी कंगवाही थांबला. मला काहीच कळेना, कारण काकांना दुसरी संख्या नाही हे माहीत होतं आणि काकांचा तोंडी हिशोब चुकल्याचं कुणी कधी पाहिलं नव्हतं. नितीनने भागाकार पुसला आणि पुन्हा मांडला.

“नाही काका. सहा उरतात.”

“परत बघ.”

त्याने परत बघितलं. “सहाच उरतात.”

“तुला पोरगी नको?”

“हवी आहे.”

“मंग सोड की सहा. मी बोलतो ना, जाते. हितं कोन तपासनार हाय? ही कोलंबी सोलते, तिला सहाचं काय पडलंय.” ही म्हणजे मी.

नितीनने एकदा दाराकडे पाहिलं. प्रणाली त्याच्याकडे पाहत नव्हती, बापाकडे पाहत होती. तो म्हणाला, “मी काय करू काका? उरतात.”

आणि तो खाली वाकून दुसरी संख्या भागायला लागला. तिसरीत बाकी उरली, चौथीत उरली. एकेक करत नऊ संख्यांवर त्याने काट मारली. काकांच्या संख्येपाशी आला तेव्हा तिच्याभोवती गोल केला आणि खडू खाली ठेवला.

“बाबा, पुरे आता,” प्रणाली दारातून म्हणाली.

काकांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि काकींना म्हणाले, “कोलंबी जास्त टाक गो.”

“तो खात नाय,” काकी म्हणाल्या.

“मंग वरन-भात टाक.”

आमच्या भागात होकार असाच देतात.

आत्या दुसऱ्याच दिवशी आली. रिक्षावाल्याला तिने थांबायला सांगितलं, म्हणजे मुक्काम करायचा नव्हता, फक्त भांडायचं होतं. “आपल्यात पोरं नव्हती काय? मी आनलेल्या पोराने काय कमी केलं? दोन-दोन सिमकार्डं पाठवली.”

“ताय,” काका म्हणाले, “त्याला मी बोललो असतो, माझ्या गच्चीवर समुद्र हाय, तर तो बोलला असता, हो काका, भरती कवा हाय?”

“मोठ्यांना हो बोलावंच.”

“जल्म गेला माझा, सगले मला हो बोलतात. भाडेकरू हो बोलतात, बिल्डर हो बोलतो, नगरसेवक हो बोलतो. मी म्हातारा होत चाललोय ताय. घरात एक तरी मला नाय बोलनारा पायजे.”

“मंग मी काय बोलतेय इतकी वर्सं?” आतून काकींचा आवाज आला.

आत्याला हसू आवरलं नाही. तिने ते पदरात लपवलं, पण रिक्षावाल्याला परत पाठवून दिलं. लग्नात ती सगळ्यांशी अर्धा दिवस रुसून बसली आणि हळदीला धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणायला मात्र सगळ्यांच्या पुढे. वाशिमची मंडळी एका रांगेत बसून ते ऐकत होती. त्यांना एक शब्द कळला नाही, पण नितीनच्या आईने डोळे पुसले.

आम्ही पुढे सानपाड्याला राहायला गेलो. नवऱ्याला लिफ्टची बिल्डिंग हवी होती. परवा मी मुद्दाम तळवलीला गेले, तर काका ओट्यावर तोंड फुगवून बसलेले. नितीनही तिथेच होता, चहा पीत.

“जावयानं फसवलं,” काका मला म्हणाले. “दुसरी संख्या होती.”

मी नितीनकडे पाहिलं. तो म्हणाला, “एक ते नऊ आकड्यांत नाही. पण माणसाच्या एकेका हाताला तीनच बोटं असती, तर त्याने सहापर्यंत मोजून पुढचं घर मांडलं असतं. त्याचे दहा म्हणजे आपले सहा. त्याच्याकडे आकडे एक ते पाचच. त्या हिशोबात एक-चार-तीन-दोन-पाच मांडलं की चालतं. त्याचे चौदा म्हणजे आपले दहा, दोनाने जातात. त्याचे एकशे त्रेचाळीस म्हणजे आपले त्रेसष्ट, तिनाने जातात. पुढे चाराने आणि पाचानेही जातं.”

“मी समदं तपासलं,” काका म्हणाले. “जातं. मी त्याला बोललो, लगनाच्या आधी का नाय सांगितलंस?”

“आधी सांगितलं असतं तर म्हणाले असते, पयला तीन बोटांचा मानूस आन,” नितीन सासऱ्यांच्याच बोलीत म्हणाला.

काकांना हे पटलेलं दिसलं, म्हणूनच ते जास्त चिडले. तेवढ्यात सायकलवरून पाववाला आला. काकांनी दोन्ही हातांचे अंगठे आणि करंगळ्या दुमडल्या, तीन-तीन बोटं वर केली आणि म्हणाले, “दहा पाव दे.”

त्याने दहा पाव मोजून दिले. काकांनी त्यातले सहा ठेवले आणि चार परत केले. “आजपासून आमच्याकडं दहा म्हंजे सहा.”

पाववाला गोंधळून दाराकडे बघायला लागला. काकी पदराला हात पुसत बाहेर आल्या.

“सहाच दे बाबा,” त्या म्हणाल्या, “आनि उद्यापासून मला इचारून देत जा.”